किसनचा दुभाष्या

किसन गेल्याचा फोन आला तेव्हा वाळूजच्या माझ्या वर्कशॉपमध्ये मी नव्या प्रिंटरसमोर कपाळाला हात लावून बसलो होतो. माल भरलेला टेम्पो फाटकात उभा आणि चलानाच्या कागदावर नुसती चित्रविचित्र चिन्हं उमटत होती. त्याच्या मेहुण्यानं बातमी सांगितली आणि माझ्या मनात पहिलं काय आलं असेल... आता हे चालू कोण करणार? लिहितानाही लाज वाटते, पण आलं ते हेच आलं.

किसन देवगाव रंगारीचा, मेंढरांमागं फिरणाऱ्या घरातला. वाळूजला कारखाने भराभर उभे राहत होते, तेव्हा आम्ही एकाच कंपनीत लागलो. पुढं मी वर्कशॉप टाकलं आणि त्यानं मला चलानं छापायचा प्रोग्राम लिहून दिला. त्या प्रोग्रामला फक्त त्या काळच्या करकरणाऱ्या प्रिंटरची भाषा यायची. तो प्रिंटर मेला, दुसरा आला, तिसरा आला, आणि दर वेळी नव्याला त्या जुन्या प्रोग्रामचं बोलणं कळेना. मग किसन येऊन दोघांच्या मधे एक छोटा प्रोग्राम बसवायचा. त्याला तो ‘दुभाष्या’ म्हणायचा. “म्हातारा काय बोलतोय ते नव्या सुनेला सांगावं लागतं ना रे,” म्हणायचा. सगळंच नवं घ्यायचा कंटाळा माझा, आणि राबायचा तो.

चाचणीला तो नेहमी एकच ओळ छापायचा. विद्यापीठाला मिळालेलं नवं नाव, शहरासकट, मोठ्या अक्षरांत. कॉलेजात असताना नामांतराच्या मोर्च्यांत जायचा म्हणून गावातल्या त्याच्याच लोकांनी त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. “हे नाव लागायला लई वर्षं गेलीत. एक अक्षर जरी तुटलं तरी मशीन नापास.” आमच्या घरी त्या नावावरून नाकं मुरडायचे, हे त्याला पक्कं ठाऊक. म्हणून तर तो कागद मुद्दाम माझ्याच हातात द्यायचा आणि गालात हसायचा. मीही हसायचो, आणि चहा सांगायचो.

तिसऱ्या दिवशी त्याच्या घरी भेटायला गेलो. जाताना पिशवीत नव्या प्रिंटरची पुस्तिका टाकली होती. त्याच्या कम्प्युटरात काही सापडतंय का, विचारून बघू म्हणून... माणूस जाऊन तीन दिवस झाले होते. सुनंदावहिनींनी पाणी दिलं आणि त्यांची नजर पिशवीतून डोकावणाऱ्या पुस्तिकेवर गेली.

“भाऊजी, मशीन बंद पडलं व्हय?”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काही बोलायच्या आत त्याच बोलू लागल्या. “चार-पाच महिने अंथरुणावर होते. मी म्हणायची, भाऊजींना कळवा. तर म्हणायचे, त्याचा फोन नाय म्हंजी मशीन नीट चाललंय, चालू दे. लई समाधान वाटायचं त्यांना.” टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं.

कम्प्युटर त्यांनीच लावून दिला. शेवटचा दुभाष्या मी उतरवून आणला आणि पुस्तिका उघडून त्याच्याशी झटत बसलो. हळूहळू चलानं सरळ येऊ लागली. टेम्पो सुटायला लागले. पण चाचणीच्या ओळीत नावाची शेवटची अक्षरं खालच्या ओळीत पडत होती. आमचा सुपरवायझर रशीद म्हणाला, “भाई, चलान तो बराबर आरा, अब छोडो ना.” मी काही सोडलं नाही. ते नाव एका ओळीत आलं त्या दुपारी कागद हातात घेतला, आणि दाखवायला कुणी नव्हतं. म्हणून वहिनींना फोन लावला.

“काय भाऊजी, परत बंद पडलं का?”

“नाही वहिनी. चालू आहे.”

“मग?” त्यांनी विचारलं.

इतक्या वर्षांत मशीन बंद पडल्याशिवाय त्या घरी मी फोन कधी केलाच नव्हता. मी हातातला कागद त्यांना वाचून दाखवला.