एकाच पाकिटातलं कॅल्शियम

बायांनो, आज कट्टा गावच्या दवाखान्यात जे झालं ते सांगते, मग काय ते बोला.

माझ्या थोरल्या जावेचा, म्हणजे वैनीचा, हात मोडला. साठीची बाई, अंगणात पाय घसरला तेवढंच निमित्त. सोबत तिचा नवरा, आमचे भावजी. बसल्या बसल्या डॉक्टरीणबाईंना सांगतात, "ही औषध खाणाच नाय, कोंबड्यांका घालता. आमी दोघा एकाच पाकिटातला खातव, मगे माझा हाड कसा घट?"

साफ खोटं! वैनी रोज माझ्यासमोर कॅल्शियमची गोळी गिळते!

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, कॅल्शियम तेच असलं तरी अंगातली हार्मोन्स बाईत वेगळी वागतात, पुरुषात वेगळी. वय वाढलं, पाळी गेली, की आणखी बदलतं. त्या गोळ्या खात असूनही हाड ठिसूळ होऊ शकतं. त्यांची वेगळी तपासणी करायला हवी."

वाटलं, आता तरी लाजतील. कसले! बाहेर येऊन म्हणतात, "म्हणजे हिका देवन फुकट. आता मीच खातंय."

मी पाकीट हिसकावून वैनीच्या मांडीवर टाकलं. तिनं धड असलेल्या हातानं ते परत त्यांच्या खिशात घातलं. म्हणाली, "खाव देत गो. तेंका व्हया." त्यांना हवं म्हणे!

आता तुम्हीच सांगा, कोणाच्या थोबाडीत मारू?