समद्यांना घेऊन कुटं?

आमच्या पक्षाचा जुना कार्यकर्ता दादा मंगळवारी गेला. दहाव्याला नदीच्या घाटावर, आमच्या मावळातल्या रीतीप्रमाणे, सगळ्या पक्षांचे पुढारी श्रद्धांजलीला बोलले. आमच्या अध्यक्षांचं भाषण मी लिहिलं होतं. पक्षाचा जाहीरनामाही माझाच. शेजारी टॉवेल अंथरून बसलेला अनोळखी म्हातारा प्रत्येक भाषणानंतर हात जोडायचा आणि सावलीबरोबर थोडा सरकायचा.

"भाऊ, ह्यो कोनच्या पक्षाचा?" आमचे अध्यक्ष बोलून बसले तेव्हा त्यानं विचारलं.

"आमच्या. सर्वांना सोबत घेऊन चालणारा पक्ष आहे."

"मगाचा बी त्येच म्हनला. समद्यांना घेऊन निगालाय, पर कुटं?"

मी चष्मा पुसला. अवघड प्रश्नाला मी नेहमी चष्माच पुसतो.

"मयत बरा व्हता," तो म्हणाला. "बंगल्यांची पाइपलाइन अडवून बसला. पानी आदी वस्तीला, म्हनला. आमी त्याच्या शब्दावर मत द्यायचो."

माझ्या जाहीरनाम्यात 'सर्वसमावेशक' पानोपानी होतं. दादाचं हे वाक्य मात्र त्यात मावलं नव्हतं.

माझी पाळी आली तेव्हा मी लिहून आणलेला कागद खिशातच ठेवला आणि म्हणालो, "पाणी आधी वस्तीला. दादा याच्यासाठी पक्षात होता." पुढच्या रांगेतले बंगलेवाले अध्यक्षांकडे बघू लागले आणि अध्यक्ष नदीकडे.

मी अजून पक्षात आहे. जाहीरनामा आता दुसरं कोणीतरी लिहितं.