आमी नको म्हटलं अन् तिनं ऐकलं

मी तिकडं गेली तवा मले एवढंच माहीत होतं का तिथं लय थंडी राह्यते अन् आपली पोरं डॉक्टरकी शिकाले जातात. किरगिजस्तान हे नाव बी मले धड म्हणता येत नव्हतं. नववीतून शाळा सुटलेली बाई मी, अमडापूरच्या बाजारात एकटी गेली तरी मले धाकधूक व्हायची, अन् मले विमानात बसवलं! सारा रस्ता मी ह्यायच्या शर्टाची बाही धरून होती. हे आधी तिथं दुसऱ्याच्या मेसवर सैपाकी होते, मंग स्वतःची मेस टाकली, अन् बाहेरचा माणूस ठेवणं परवडत नाही म्हणून मले घेऊन गेले.

मेस होती एका रशियन म्हातारीच्या घरात, कॉलेजच्या होस्टेलजवळ. खालच्या एका खोलीत सैपाक, एकीत पोरं जेवायची, अन् मागं एक लहानशी खोली होती तिथं आमी झोपायचो. वर म्हातारी एकटी. पोरं आपल्याच इकडची, कोणी चिखलीचं, कोणी अकोल्याचं.

"वहिनी, आज ठेचा हाय का?"

"हाय, पण कालच्यासारखं रडू नको बापा."

"रडू द्या वहिनी, तेवढीच घरची आठवण."

पोरं होती तोवर मले गावातच असल्यासारखं वाटायचं. पोरं गेली का भेव. बाहेर रस्त्यावर काच पसरल्यासारखा बर्फ, पोलीस कवाही कागद मागन, कोणी काही विचारलं तं काय सांगू. मी दारातून पाय काढत नव्हती. म्हातारीच खाली यायची, तिच्या भाषेत मले रागवायची, मी आपल्या भाषेत उत्तर द्यायची, अन् दोघीयचं बरं चालायचं. पोरगी झाली तवा दवाखान्यात ह्यायले आत सोडलं नाही. म्हातारी घुसली. नर्ससंग भांडून तिनं माह्यासाठी गरम पाणी आणलं, माह्या पायावर स्वतःची शाल टाकली. माय तं कुठं होती माही तिथं. तीच होती.

एका रविवारी दुपारी, पोरं जेवून गेल्यावर, ती खाली आली. रोज उभ्याउभ्या बोलायची, त्या दिवशी खुर्ची ओढून बसली. मले वाटलं, आता खोल्या खाली करा म्हणते. तं उलटंच. तिची लेक रशियात, ती आईले बोलावून राह्यली होती. म्हातारी सावकाश बोलली, ह्यायले समजावं म्हणून हातवारे करून, अन् हे मले सांगत गेले. मी चालली म्हणे. खालचं-वरचं सगळं घर तुमी चालवा, पाच वर्साचा करार करू, भाडं हेच राहू दे. वर पोरं ठेवा, खाली त्यायले जेवू घाला. मंग तिनं माह्या पोरीकडं बोट दाखवलं, म्हणे, ही इथंच चालाले शिकन.

मी हरखून पोरीले उचललं. अन् हे काय म्हणाले? छातीवर हात ठेवून, मान हलवून, "न्येत, न्येत." नको, नको. तुमी कुठं जाता, तुमचं घर हाय, तुमी राहा, आमी हाव तसे बरे हाव.

मले त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट वाटलं, किती शोभून बोलले. आपल्या इकडं असंच राह्यते ना. कोणी चहा घ्या म्हटलं तं आताच झाला म्हणायचं. वाढणारी आली का ताटावर हात आडवा धरायचा, अन् तिनं तो हात बाजूले सारून वाढायचं. माह्या सासऱ्यायले शेजारच्यानं वावर बटईनं, अर्ध्या वाट्यानं, देतो म्हटलं, तरी त्यायनं आधी नाहीच म्हटलं, शेजारी गळ्यात पडला तवा कुठं हो. एकदम हो म्हणणारा माणूस हावरा दिसते.

म्हातारीनं ह्यायच्याकडं पाह्यलं, मंग माह्याकडं. म्हणे, म्हणजे नाही? हे हासून म्हणाले, "न्येत." तिनं चहा संपवला, आपला कप आपण धुतला, अन् वर गेली.

"पाह्य, उद्या पुन्हा म्हणते," हे म्हणाले. "मंग जरा नाही-हो करू अन् घेऊन टाकू."

"वरच्या खिडक्यायले पडदे लागतीन."

"अवं थांब, घर अजून तिचंच हाय."

लय खुशीत होतो आमी. दुसऱ्या दिवशी म्हातारी आली, पोरीचा गाल धरला, गेली. तिसऱ्या दिवशी तेच. आठवडा गेला, पण घराचं नावच नाही.

"अवो, तुमीच काढा ना विषय."

"अन् काय म्हणू? द्या म्हणू? बरं दिसते काय?"

"मंग मी बोलू?"

"तू? तुले येते तरी काय?"

मले पाणी येत होतं, पाव येत होता, थंडी येत होती. अन् 'दा' येत होतं, म्हणजे हो. एवढासा तं शब्द. पण नवऱ्यानं नाही म्हटल्यावर मी कशी हो म्हणू, माही जीभच उचलली नाही.

मंग एका सकाळी एक माणूस टेप घेऊन आला अन् आमच्या सैपाकाच्या खोलीची भिंत मोजू लागला. आपल्याच देशाचा, दुसऱ्या राज्याचा, शहरात त्याची आणखी एक मेस होती. हे धावत वर गेले, मागं मी, कडेवर पोरगी. म्हातारी बॅग भरून राह्यली होती. ती नवलानं आमच्याकडं पाहू लागली. म्हणे, मी तुमाले आधी विचारलं. तुमी नाही म्हटलं. त्याले विचारलं, तं माहं बोलणं संपायच्या आधी तो हो म्हणाला.

तिचं काहीच चुकलं नव्हतं, हेच मले जास्त लागलं. तिनं आमचा मान ठेवला. आमी जे बोललो ते तिनं खरं धरलं.

निघाली तवा तिनं मले पोटाशी धरलं, डोळे पुसले. मी तिले सांगू पाह्यलं का बाई, आमाले पाह्यजे होतं, लय पाह्यजे होतं. पण येत असलेले शब्द बी तोंडातून निघाले नाही, नुसती रडली. तिले वाटलं असन, ती चालली म्हणून रडून राह्यली. ते बी होतंच म्हणा.

नव्या मालकानं ह्यायले सैपाकी म्हणून ठेवून घेतलं, पोरायले ह्यायच्याच हातची भाजी पाह्यजे होती. पण मागच्या खोलीत त्याले तांदळाची पोती ठेवायची होती. मंग मी अन् पोरगी अमडापूरले परत आलो.

इथं सासूबाई बोलतात. "परक्या मुलखात जाऊन पाव्हणपणा केला माह्या पोरानं! धंद्यात कोणी लाजते काय?" मी मनात म्हणते, शिकवलं तं तुमीच.

परवा ह्यायचा फोन आला. मागं झारा वाजून राह्यला होता, कोणीतरी पोळ्या मागून राह्यलं होतं. पोरगी आता भिंत धरून चालते, ते मी सांगलं. मंग विचारलं, "आमाले पुन्हा न्याल का तिकडं?"

"पाहू ना."

"पाहू नका म्हणू. हो म्हणा नाहीतं नाही म्हणा."

झाऱ्याचा आवाज थांबला.

"नाही," हे म्हणाले. "यंदा तं नाही. ठेवू कुठं तुमाले?"

मी बरं म्हटलं. फोन ठेवला तं सासूबाई दारातच उभ्या.

"काय म्हणते?"

"नाही म्हणतात."

"असं तोंडावर नाही म्हणते काय तो? असं बोलाले कोणी लावलं त्याले?"

"म्याच बोलाले लावलं," मी म्हटलं, अन् पोरीले घेऊन आत गेली.