आत्यानं झाडलेलं जंगल

आमच्या घराण्यानं एकदा जंगल झाडलं.

तोडलं नाही, जाळलं नाही, झाडलं. खराट्यानं! आणि तेही मी, म्हणजे जंगल वाचवायला निघालेली आगाशी गावची एकमेव जहाल कार्यकर्ती, तिथं हजर असताना.

तेव्हा मी बावीस वर्षांची होते आणि पत्रकं काढायच्या सायक्लोस्टाईल यंत्राची शाई माझ्या नखांतून निघत नसे. तुंगारेश्वरचं जंगल अभयारण्य करा, असा आमचा अर्ज होता. त्यावर गावाच्या सह्या हव्या होत्या. पत्रकात मी ठणकावलं होतं : ‘या जंगलात बिबट्या आहे! जो कोणी इथली एक हिरवी फांदी मोडेल, त्याचं नाव आम्ही भर बाजारात फळ्यावर लिहू! आठ दिवस पुसणार नाही!’

पण सह्या होईनात. लाकडाच्या ठेकेदाराचा माणूस बाजारात विचारायचा, “काय गो, बिबट्या तू बघितलास?”

नव्हता बघितला. (जंगलच नव्हतं बघितलं. पण हे पत्रकात कसं लिहिणार?) रविवारी देवळापुढं सभा होती. तिथं हाच प्रश्न येणार आणि मी गप्प बसले, तर अर्ज गेला केराच्या टोपलीत! तेव्हा शुक्रवारी निघालेच.

“एकटी नाही जायचं,” बाबा म्हणाले.

“आणि उपाशी तर नाहीच नाही,” आत्या म्हणाली. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. तिनं सुकेळ्यांचं, म्हणजे वाळवलेल्या केळ्यांचं, पुडकं बांधलं, डबा भरला, आणि दोन एस.ट्या बदलून, हायवेपासून चालत आम्ही तिघं जंगलात शिरलो.

शिरलो आणि माझी बडबड थांबली. वर झाडं इतकी उंच की मान मागं टाकताना तोल जावा. पानांतून ऊन ठिपक्याठिपक्यांनी खाली येत होतं आणि पायांखाली सागाचा पाला पापडासारखा वाजत होता. मी पत्रकात ‘घनदाट अरण्य’ असं अकरा वेळा छापलं होतं. ते दोन शब्द किती तोकडे होते, ते मला तिथं कळलं.

बाबा मात्र संतापले होते. बाबांची केळीची वाडी. त्यांना झाड दिसलं की आधी त्याचा मालक आठवतो.

“कुणाची वाडी ही? काय अवस्था केलीय! आळं नाही, पाट नाही!”

“बाबा, हे जंगल आहे!”

“म्हणून काय झालं? झाडं ती झाडंच ना?”

वनरक्षक जानूदादा ओढ्यापाशी भेटले. मी पत्रक पुढं केलं. त्यांनी ते वाचलं, घडी करून खिशात ठेवलं आणि म्हणाले, “तिन्हीसांजेच्या आधी तो कधीकधी पान्यावर येतो. इथं खडकाला टेकून बसा. पाला वाजला की समजायचं, आला. हा पाला म्हणजे आमची घंटा.” आणि ते वरच्या वाटेनं फेरी मारायला गेले.

ऊन कलता कलता आम्ही जेवलो. मी पाठ वळवून सभेच्या भाषणाचे मुद्दे काढायला बसले. मागं काहीतरी खरखरत होतं. भाषण इतकं जळजळीत होत चाललं होतं, की मी लक्ष दिलं नाही. अर्ध्या तासानं मान वर केली आणि वही हातातून पडली.

ओढ्यापर्यंतची वाट लख्ख! लग्नघरच्या अंगणासारखी! वाळल्या काटक्यांचा खराटा बांधून आत्या कमरेत वाकून झाडत होती. मागं बाबा पाल्याचे भारे उचलून एकेका झाडाच्या मुळाशी नीट रचत होते.

“आत्या! हे काय केलंस?”

“जेवल्या जागी घाण ठेवायची?”

“अगं, जेवलो आपण तीन हात जागेत!”

“मग पुढचं काय तसंच सोडायचं? लोक काय म्हणतील?”

“कुठले लोक? बाबा, तुम्ही तरी...”

“खत होईल त्याचं,” बाबा म्हणाले. “मी हिरव्याला हात लावलेला नाही. तुझं पत्रक मला पाठ आहे.”

“घंटा झाडून टाकलीत तुम्ही जंगलाची! आता तो आला तर कळणार कसं?”

“असं,” आत्या हळूच म्हणाली. तिचा खराटा हवेतच थांबला होता.

तो वाटेवर उभा होता.

वीस पावलांवर. आवाज नाही, चाहूल नाही. आत्यानं झाडलेल्या वाटेवरून तो चालत आला, एकेक पाऊल मोजल्यासारखं टाकत. उन्हाचे ठिपके अंगावर होते आणि अंगाचे ठिपके उन्हात. तो कुठं संपतो, ऊन कुठं सुरू होतं, कळेना. त्यानं आमच्याकडं बघितलं. रागानं नव्हे. आम्ही कुणीच नसल्यासारखं. बाबांनी टोपी काढून छातीशी धरली. तो ओढ्यावर वाकला, पाणी प्याला. पाणी पितानाचा तो लपलप आवाज आम्हाला ऐकू येत होता! मग शेपूट एकदा हलली आणि वाट रिकामी झाली.

आत्यानं खराटा हळूच खाली ठेवला.

“पाय किती स्वच्छ गो त्याचे,” आत्या शेवटी म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

जानूदादा वरच्या वळणावरून सगळं बघत होते. खाली येऊन त्यांनी मातीतले ठसे बघितले, वाट बघितली, खराटा बघितला. मी मान खाली घालून ओरड्याची वाट बघत होते.

“पाला वाजला असता तर तोही बुजून पळाला असता आणि तुम्हीही,” ते म्हणाले. “वाट साफ असली की त्यालाही बरं पडतं.” मग त्यांचं लक्ष माझ्याकडं गेलं. “पन ताई, ही कुनी मोडली?”

मी हाताकडं बघितलं. माझ्या मुठीत फांदी होती. हिरवीगार, पानांसकट, ताजी मोडलेली. कधी पकडली, कधी मोडली, देवाशप्पथ मला माहीत नाही!

जानूदादांनी खिशातून पत्रक काढलं. उघडायची गरज पडली नाही. बाबांनी ते टोपी घालत घालत तोंडपाठ म्हणून दाखवलं. उद्गारचिन्हांसकट.

शनिवारी सकाळी आगाशीच्या बाजारात मी स्वतःच्या हातानं फळ्यावर लिहिलं : ‘कु. सुनंदा. एक हिरवी फांदी. बिबट्या बघताना.’

गर्दी झाली. ठेकेदाराचा माणूस हसायला लागला, तर भाजीवाली त्याच्यावर डाफरली, “खोटं असतं तर पोरीनं स्वतःचं नाव लिहिलं असतं काय रे?” सभेच्या आधीच अर्ज सह्यांनी भरला. माझ्या साऱ्या पत्रकांनी जे झालं नाही, ते माझ्या एका गुन्ह्यानं झालं!

तिसऱ्या दिवशी बघते तो फळा कोरा. गावानं मला माफ केलं, या विचारानं माझा ऊर भरून आला. तो आनंद घरी पोचेपर्यंतच टिकला.

“बाजारात गेले होते सकाळी,” आत्या म्हणाली. “फळा बघवेना मला. नुसता खडूनं बरबटलेला. पुसला स्वच्छ.”

मी पुन्हा गेले, पुन्हा माझं नाव लिहिलं आणि खाली जाड अक्षरांत नवा इशारा दिला : ‘हा फळा जो कोणी पुसेल, त्याचं नाव...’

एवढं लिहून थांबले. आमच्या घरातलं एक नाव फळ्यावर पुरे होतं.