मामंजींनी नेसलेलं लुगडं

आमच्या मामंजींचे माझ्यावर फार उपकार आहेत. त्यांनी माझ्यासाठी लुगडं नेसलं होतं.

(हसा खुशाल. त्या दिवशी आख्खी गल्ली हसली, तुम्हीच कशाला मागे राहता!)

मी धुळ्याकडची. सातवीत शाळा सुटली आणि लग्न होऊन थेट सोलापुरात येऊन पडले. माहेर एवढं लांब, की रुसून जायचं म्हटलं तरी दोन गाड्या बदलेपर्यंत राग उतरावा! त्यातून मी भित्री. कोणी काही विचारलं की आधी ‘हो’ म्हणायचं आणि काय विचारलं ते मागाहून समजून घ्यायचं, अशी माझी रीत.

दुष्काळ सरला त्याच्या पुढच्या वर्षी माझ्या नणंदेला, सुमनवन्संना, मंगळवेढ्याचं स्थळ सांगून आलं. मुलगा चांगला, शेती चांगली, पण मुलाची आजी कडक! एका घरातली सून डोक्यावर पदर न घेता समोर आली, तेवढ्यावरून तिनं तिथली मुलगी नाकारली होती म्हणे. वन्संनी तर मुलाला आधीच मनातून पसंत करून टाकलेलं.

सासूबाईंनी ट्रंकेतून नवंकोरं इरकल लुगडं काढलं. “ह्याची घडी तूच मोड,” म्हणाल्या. नव्या लुगड्याची घडी आवडत्या माणसाकडून मोडून घेतात. मला भरूनच आलं. “आजीसमोर नऊवारीतच ये. येतंय न्हवं नेसायला?”

“हो,” मी म्हटलं.

जन्मात गोल साडीखेरीज काही नेसले नव्हते!

पाहुण्यांच्या दिवशी वन्सं शेजारी वेणी घालून घ्यायला गेल्या, सासूबाई फुलं आणायला. मी दार लावलं आणि ते लुगडं गोल साडीसारखं गुंडाळायला घेतलं. निऱ्या घालतेय, घालतेय, लुगडं काही संपेना. पोटाशी एवढा गठ्ठा झाला की स्वतःची पावलं दिसेनात! काष्टा म्हणून काहीतरी मागं खोचलं, तर पायच उचलेना. शेवटी टुणटुण उड्या मारत दारापाशी आले आणि रडायला लागले.

बाहेर मामंजी होते. ते साडीच्या दुकानात नोकरीला. गिऱ्हाइकांना दाखवायला दिवसभर स्वतःच्याच अंगावर साड्या लावायच्या, हे त्यांचं काम.

“काय झालं गं?”

“येत नाही, मामंजी.”

“काय येत न्हाई?”

“लुगडं!”

सासऱ्यानं सुनेला लुगडं नेसवायचं कसं? मामंजी खाकरून म्हणाले, “दार लोटून घे. फटीतनं बघ. मी करतो तसं करत जा.”

आणि अंगणातल्या दोरीवरचं सासूबाईंचं जुनं लुगडं ओढून ते माझ्या दाराकडं तोंड करून उभे राहिले.

“ही गाठ. मारलीस?”

“मारली.”

“आता निऱ्या. बघा ताई, पोत बघा, रंगाची काळजीच न्हाई...” (सवय!) “हां, आता काष्टा मागं. आता पदर. डोक्यावरनं घे, हा असा.”

एस.टी. त्या दिवशी नेमकी लवकर पोचली. अंगणाच्या दारातून आवाज आला, “विहीणबाई, पाठ करून का उभ्या? हिकडं वळा की!”

मामंजी वळले. मिशांसकट.

आजींच्या हातातली पिशवी खाली पडली. मुलगा, त्याचा बाप, सगळे पुतळे! आता आपणच काहीतरी करावं म्हणून मी बाहेर आले आणि आजींच्या पाया पडले. त्यांनी मला वरून खाली पाहिलं.

“सूनबाईचा पदर उजव्या खांद्यावर कसा?”

समोर बघून नेसलेलं! मामंजींचा डावा खांदा तो माझा उजवा. आरशात दिसावं तसं माझं सगळंच उलटं झालेलं. वन्संचं लग्न मोडलं, आता धुळ्याच्या गाडीत बसवतात मला!

मामंजींनी डोक्यावरचा पदर सावरला आणि थेट दुकानातला आवाज काढला. “आजी, ती धुळ्याकडची नेस हाय! लई चालतीय सध्या. मी तिच्याकडनं शिकत हुतो.”

“सासरा? सुनेकडनं?”

“व्हय की! गिऱ्हाईक इचारतं.”

आजींनी तोंडाला पदर लावला. आधी खांदे हलले, मग आख्ख्या आजीच हलायला लागल्या. डोळे पुसत म्हणाल्या, “सुनेकडनं शिकणारा सासरा बगितला न्हवता बाई! ह्या घरची पोरगी वाईट कशी असंल? पसंत हाय. पर सूनबाई, लग्नात आमच्या समद्या सुनांना ही धुळ्याची नेस शिकवायची. शिकवशील न्हवं?”

“हो,” मी म्हटलं.

(वन्सं सांगतात, मंगळवेढ्यातल्या त्या घरात सणावाराला अजून पदर उजवीकडे असतो. तिकडे धुळ्याचं कोणी जाऊ नये एवढीच देवाला प्रार्थना.)

गल्ली मात्र मामंजींना अजून ‘विहीणबाई’ म्हणते, आणि तेही बिचारे ओ देतात. त्यांचे उपकार मी एक दिवस फेडणारच. छानसं इरकल आणीन आणि घडी मोडायचा मान त्यांनाच देईन. नाहीतरी आमच्या दोघांत ते नीट नेसता येतं ते त्यांनाच!