तिसरा पूल

जालन्यातल्या जुन्या व्हिडिओ गेमच्या दुकानात तीर्थपुरीहून आलेला तो माणूस मला एकदाच भेटला. मी आणखी एक कॅसेट घ्यायला गेलो होतो. तो आपली एकुलती एक कॅसेट फुंकर मारून रुमालानं पुसत होता. दुकानदार नवी दाखवू लागला, तसा तो हसला.

"न्हाई भाऊ. ह्या गेममधी बायको अजून तिसऱ्या पुलावरूनच पडून राह्यली. ती पार झाली, की मंग बघू."

माझ्या कपाटातल्या कित्येक कॅसेटींचं प्लास्टिकही निघालेलं नाही. लेक म्हणायची, "बाबा, खेळू या ना!" मी म्हणायचो, "आधी कॅसेटींचा सेट पूर्ण होऊ दे." ती लग्न होऊन गेली.

त्या दिवशी काहीच न घेता घरी आलो. एका कॅसेटचं प्लास्टिक फाडलं, ती मशीनमध्ये घातली. पडद्यानं विचारलं, खेळाडू एक की दोन? बराच वेळ माझ्यानं बटण दाबवलं नाही.