मेन स्विच

घराबाहेर पडताना देवाला हात जोडायची सवय वडिलांना नव्हती. मेन स्विच खाली ओढायची होती. आमच्या बेटावरच्या क्वात्र बॉर्न गावातल्या घरात मीटर व्हरांड्यात होतं आणि त्याची चकती जोरात फिरताना दिसली की त्यांच्या जिवाची घालमेल व्हायची. इस्त्री आठवड्यातून एकदाच. बातम्या संपल्या की रेडिओ बंद. मी स्वयंपाकघरात, आईच्या फोडणीच्या धुरात खोकत अभ्यास करायची, कारण एक दिवा चालू असताना दुसरा कशाला? मला त्यांचा भयंकर राग यायचा.

त्या वर्षी दादा नर्सिंग शिकायला इंग्लंडला गेला. दर पंधरवड्याला येणारं त्याचं पत्र अचानक यायचं थांबलं. आई नवस बोलली, पत्र येईपर्यंत देवापुढचा दिवा विझू देणार नाही. पण आमच्याकडचा वारा कुठला ऐकायला! समई विझता विझता वाचली, तशी तिने झिरोचा लाल बल्ब आणून देव्हाऱ्यात लावला. तेल काय आणि वीज काय, देवाला उजेडाशी मतलब. वडिलांनी त्या एका बल्बला हात लावला नाही. बाकीच्या दिव्यांवर मात्र त्यांची नजर आणखी कडक झाली. घरात कुणीच स्वस्थ नव्हतं. आई सारखी फाटकाशी जाऊन पोस्टमनची वाट बघायची, मी उठता बसता त्या बल्बकडे बघायची.

एका रविवारी ग्रां बुआ गावी नात्यातलं लग्न होतं. आम्ही तिघं नटूनथटून बसमध्ये बसलो. थोडं पुढे गेलो असू, तोच आईने वडिलांचा दंड धरला. विजेला आम्ही घरात कूराँच म्हणायचो.

"तुमी कूराँ बंद केलात काय?"

वडिलांचा चेहरा पांढराफटक पडला. हात सवयीने आपलं काम करून मोकळा झाला होता, त्यांना पत्ताही नव्हता. त्यांनी घंटा वाजवून बस थांबवली आणि धावत सुटले. भर उन्हात, साड्या सावरत आम्ही त्यांच्यामागे. मला रडू फुटलं. दादाला काही झालं तर ते आमच्या त्या स्विचमुळेच होणार, याबद्दल मला तेव्हा तिळमात्र शंका नव्हती.

आम्ही पोचलो तेव्हा ते स्विचवर हात ठेवून नुसते उभे होते. तो वर करायचं धाडस त्यांना होत नव्हतं.

"लावा," आई म्हणाली.

बल्ब लागला. आई देवापुढे बसली ती उठेना. वडिलांना मात्र एका जागी राहवेना. त्यांनी स्वयंपाकघरातला दिवा लावला, मग न्हाणीघरातला, मग माझ्या खोलीतला. बाहेर लख्ख ऊन, आणि आमच्या घरात एकूण एक दिवा जळत होता. मी एकाला हात लावायला गेले तर वडील खेकसले.

शेवटी आईच म्हणाली, "आता बंद करा. बिल येल ना."

"येव दे," वडील म्हणाले. "कायतरी तर येव दे घरात."